टिकली चालत नाही? मग टॉय घ्यायच्या आधी हे वाचा

माझ्या कपाळावर मधोमध एक फिकट गोल डाग आहे, कॉलेजात रोज टिकली लावायचे तेव्हाचा. आर्टिफिशियल कानातले घातले की दुसऱ्या दिवशी कानाच्या पाळ्या चिकचिकायला लागतात हेही घरात सगळ्यांना माहितीये, लग्नाबिग्नाला निघताना आईच आठवण करते की बाई, सोन्याचेच घाल. पण तिशीत पहिला व्हायब्रेटर घेतला तेव्हा या दोन्हीचा तिथे काही संबंध असेल हे डोक्यातसुद्धा आलं नाही. दोन आठवड्यांत खाज सुरू झाली, मग बारीक पुरळ, मग लघवीला बसलं की चुरचुर, आणि मी आपली "इन्फेक्शन" म्हणून शोधत बसले. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी सगळं ऐकून घेऊन पहिला प्रश्न विचारला, "टिकली चालते का तुम्हाला?"

ज्यांची कातडी अशी चटकन रागावते त्यांनी सेक्स टॉय घेताना काय बघायचं आणि वापरताना काय सांभाळायचं, ते मला नंतरच्या तीन-चार महिन्यांत हळूहळू कळत गेलं, तेच इथे लिहितेय.

आधी एक गोष्ट. कातडी बिघडते ती मुख्यतः दोन अगदी वेगळ्या कारणांनी. एक म्हणजे मिरची चिरल्यावर हातांची आग होते तसं, कोणाच्याही हातांची होणार, मिरच्या जास्त तर आग जास्त, आणि लगेच होणार. घासलं जाणं, साबण राहून जाणं, तिखट केमिकल लागणं, हे सगळं यात. दुसरी म्हणजे खरी अ‍ॅलर्जी. तिथे शरीराने एखाद्या पदार्थाला एकदा शत्रू ठरवलं की मग तो चिमूटभर असला तरी पुरतो, आणि गंमत म्हणजे ही उशिरा येते, साधारण एक ते तीन दिवसांनी. म्हणजे शनिवारी रात्री वापरलं आणि सोमवारी ऑफिसात खाज सुटली तर आपण रविवारच्या घट्ट जीन्सला नाहीतर नव्या पॅडला दोष देतो, शनिवार कोणाला आठवतोय. मी तरी चार वेळा असंच केलं.

तिसरा प्रकार कमी दिसतो पण माहीत हवा. लॅटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाची अ‍ॅलर्जी. ही मिनिटांत येते, गांधी उठतात, सूज येते, कधी ओठ सुजून श्वास लागतो आणि तेव्हा मलम शोधत बसायचं नसतं, सरळ हॉस्पिटल गाठायचं. फुगा फुगवताना ओठ सुजणं, दातांच्या डॉक्टरांच्या ग्लोव्हने तोंडाभोवती खाज येणं, केळं किंवा किवी खाल्लं की तोंड खाजणं, यातलं काही तुमच्या बाबतीत होत असेल तर लॅटेक्सचं टॉय आणि साधा कंडोम दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

डॉक्टर टिकलीचं का विचारत होते ते आता कळतं. आपली कातडी आधीच बरीच माहिती देऊन बसलेली असते. टिकलीने डाग पडला तर त्यामागे बहुतेक वेळा तिच्या गोंदातलं एक रेझिन असतं. नकली दागिन्याने किंवा जीन्सच्या बटणाने बेंबीखाली चट्टा आला तर निकेल. काळ्या मेंदीने किंवा हेअर डायने फोड आले तर त्यातलं पीपीडी नावाचं रसायन. सेंट मारलं की मान लाल होत असेल तर सुगंधाची द्रव्यं. ब्राच्या इलॅस्टिकखाली पट्टा उठतो त्यांना रबर बनवताना घालतात त्या केमिकलचा त्रास असू शकतो. ही आपली स्वतःची यादी एकदा कागदावर लिहून काढा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि दुकानदाराच्या "हायपोअलर्जेनिक" (म्हणजे अ‍ॅलर्जी कमी देणारं) शब्दापेक्षा ती जास्त उपयोगी पडते, कारण त्या शब्दाला कोणी मोजमाप लावत नाही.

त्यात ही जागाही नाजूक. बाहेरच्या कातडीवर निदान एक जाड, कोरडा थर असतो, आतल्या पापुद्र्याला तोही नसतो, ओठांच्या आतल्या बाजूसारखा तो. गोष्टी पटकन शोषल्या जातात, वर कायम ओल, ऊब आणि कपड्यांचं दडपण. त्यामुळे "हाताला लावून बघितलं, काही झालं नाही" ही अर्धीच खात्री.

आता मटेरियल. खरं सांगायचं तर निम्मी लढाई इथेच आहे.

माझं पहिलं टॉय बॉक्समधून काढलं तेव्हा खोलीभर नव्या रेनकोटचा वास सुटला. जूनमध्ये दुकानात रेनकोट उघडून बघतो ना, तोच. गुलाबी, अर्धपारदर्शक, दाबलं की जेलीसारखं, आणि हाताला किंचित तेलकट. मला वाटलं नवं आहे म्हणून. ते बहुधा पीव्हीसी होतं. पीव्हीसी मुळात कडक असतं, आपला नळाचा पाइप असतो तेच, त्याला मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर मिसळतात, बऱ्याचदा थॅलेट जातीचे, आणि ते प्लास्टिकला रासायनिकरीत्या जोडलेले नसतात, नुसते मध्ये बसलेले असतात, म्हणून हळूहळू बाहेर झिरपतात. तो तेलकटपणा आणि वास त्यातलाच. लहान मुलांच्या खेळण्यांत काही ठरावीक थॅलेट ०.१ टक्क्याच्या वर नकोत असा नियम युरोपात २००५ मध्ये आणि अमेरिकेत २००८ मध्ये झाला. मोठ्यांच्या खेळण्यांचा विचार त्यात नव्हता. २००६ मध्ये डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने अशी टॉईज लॅबमध्ये तपासली तेव्हा त्यात थॅलेट सापडले होते. सेक्स टॉईजसाठी म्हणून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं स्वतंत्र स्टँडर्ड, आयएसओ ३५३३, आलं ते थेट २०२१ मध्ये. तर वास येतोय, चिकट आहे, किंमत दोन-तीनशे रुपये आणि मटेरियलच्या जागी नुसतं "सॉफ्ट जेली" लिहिलंय, असं असेल तर राहू द्या. पैसे वाचवायला दुसऱ्या शंभर जागा आहेत.

मधला प्रकार टीपीई, टीपीआर, म्हणजे रबरासारखं मऊ प्लास्टिक. "स्किनसारखं", "रिअल फील" असं लिहिलेलं बहुतेक हेच असतं. यात थॅलेट असतीलच असं नाही, पण ते सच्छिद्र असतं. प्लास्टिकच्या डब्याला हळदीच्या भाजीचा पिवळा डाग बसतो आणि कितीही घासा, लोणच्याचा वास जात नाही, तसं समजा. साबण, घाम, जंतू, बुरशी, सगळं आत थोडं थोडं मुरतं आणि उकळता येत नाही कारण वितळतं. पुरुषांच्या स्लीव्ह, म्हणजे लिंगावर चढवायच्या नळीसारख्या टॉईज, बहुतेक याच मटेरियलच्या, त्यामुळे सेन्सिटिव्ह कातडीच्या पुरुषांनी एकतर आत कंडोम वापरून घ्यायच्या किंवा काही महिन्यांनी टाकून द्यायच्या, आणि धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात कोंबायच्या नाहीत. पुरुषांसाठी अजून एक, टॉय असो नसो, पुढच्या कातडीखाली वारंवार लाली, चिरा आणि खाज येत असेल तर एकदा साखर तपासून घ्या, डायबेटीस कधीकधी असाही पहिल्यांदा दार वाजवतो.

चांगले पर्याय तीन-चारच. शंभर टक्के सिलिकॉन, स्टीलच्या डब्यासारखं छिद्र नसलेलं, वास नाही, आणि सिलिकॉनचीच अ‍ॅलर्जी फार क्वचित. बोरोसिलिकेट काच, ओव्हनच्या भांड्यांची असते ती. ऐकून दचकायला होतं पण कातडीच्या दृष्टीने हिच्याइतकं शांत मटेरियल नाही, फक्त वापरायच्या आधी कापसाचा बोळा सगळीकडून फिरवायचा, कुठे टवका उडालेला असेल तर कापूस अडकतो. कडक एबीएस प्लास्टिकही ठीक. आणि स्टेनलेस स्टील. इथे निकेलवाले विचारतील की स्टीलमध्ये निकेल असतंच की. असतं, पण चांगल्या स्टीलमध्ये ते घट्ट बांधलेलं असतं, सहसा बाहेर फारसं येत नाही, स्टीलच्या ताटात रोज जेवतोच आपण. घोटाळा मुलामा दिलेल्या चकचकीत सोनेरी-चंदेरी धातूत आहे, तो नकली दागिन्यांचा भाऊ. सिलिकॉनच्या टॉयवरही शोभेची अशी रिंग किंवा चार्जिंगच्या पिना असतात, त्या कुठे टेकतात ते बघा, माझ्यावाल्याची रिंग बरोबर मांडीला लागायची आणि तिथे रुपयाएवढा चट्टा.

बॉक्सवर मटेरियल नीट का लिहिलेलं नसतं याचं आपल्याकडे एक गमतीशीर कारण आहे. भारतात या वस्तूंवर वेगळा असा कायदाच नाही, अश्लील वस्तूंचं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम २९२ होतं, २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९४ झालं, आणि वस्तू अश्लील आहे की नाही यावर सगळं अवलंबून. २०११ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने आणि मार्च २०२४ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाने कस्टम्सच्या विरोधात निकाल दिले, मुंबईची केस तर बॉडी मसाजरचीच होती, कस्टम्सचं म्हणणं की हे सेक्स टॉय म्हणून वापरता येईल म्हणून आणू देणार नाही, कोर्टाने ते मानलं नाही. पण या सगळ्यामुळे माल विकला जातो "मसाजर" म्हणून. आणि मसाजर पाठीला लावायचा असं गृहीत धरलं तर आतल्या पापुद्र्याला काय लागणार हे लिहायची गरजच कोणाला? म्हणून विक्रेत्याला मेसेज करून सरळ विचारायचं, पूर्ण सिलिकॉन आहे की वरचा नुसता थर, आणि सांधे कुठे आहेत. उत्तर "मेडिकल ग्रेड मॅडम" एवढंच आलं तर ते उत्तर नाही.

ल्यूब, म्हणजे घासलं जाऊ नये म्हणून लावायचं बुळबुळीत जेल, त्याबद्दल लोक सर्वात कमी विचार करतात आणि माझ्या मते निम्म्या तक्रारी तिथून येतात. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की पाच मिनिटांत पाणी सुटतं बघा, काकडी मऊ पडते. काही ल्यूब आपल्या पेशींचं नेमकं हेच करतात. त्यातलं ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल जास्त असलं की ते पेशींमधलं पाणी ओढून घेतं, वरचा थर सुकतो, सोलवटतो, आणि आपल्याला वाटतं ल्यूब कमी पडलं, म्हणून अजून ओततो. या ओढण्याच्या जोराला ऑस्मोलॅलिटी म्हणतात. रक्ताची साधारण २९० असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये सल्ला दिला की ल्यूबची शक्यतो ३८० च्या आत असावी आणि कुठल्याही परिस्थितीत १२०० च्या वर नको. बाटलीवर हा आकडा क्वचितच सापडतो, पण घटकांची यादी सापडते, तिच्यात पहिल्या दोन-तीन नावांत ग्लिसरीन असेल तर समजून जा. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, तेही बघा, योनीमार्गाचा ३.८ ते ४.५ असतो, दह्यासारखा आंबट, कारण दही लावणाऱ्या जंतूंचेच भाऊबंद तिथे राहतात (नाही, म्हणून दही लावायचं नाही, कोणीतरी विचारणारच होतं). गुदमार्गाचा सातच्या आसपास, म्हणून तिथलं ल्यूब वेगळं. आणि तिथल्या टॉयला खाली रुंद बूड हवंच, नाहीतर आत निसटतं आणि मग रात्री अपघात विभागात सगळी कहाणी सांगत बसावं लागतं.

स्ट्रॉबेरी फ्लेवर, "वॉर्मिंग", "टिंगलिंग" हे सगळं आपल्यासाठी नाही. ते टिंगलिंग म्हणजे मेन्थॉल किंवा मिरचीचं सत्त्व, सेन्सिटिव्ह कातडीला ते बाम चोळल्यासारखं. बधिर करणारे स्प्रे आणि क्रीमही नको, त्यातलं बेन्झोकेन स्वतःच अ‍ॅलर्जी देणारं म्हणून प्रसिद्ध आहे, आणि दुखतंय हे कळणंच बंद झालं तर कातडी फाटेपर्यंत थांबणार कोण. सिलिकॉनचं ल्यूब कातडीला फार सौम्य, पण सिलिकॉनच्या टॉयवर लावलं तर काही टॉईजचा पृष्ठभाग फुगून चिकट होतो, काचेवर आणि स्टीलवर बिनधास्त. खोबरेल? बाहेरच्या कातडीला बऱ्याच जणींना चालतं, सिलिकॉनलाही चालतं, पण लॅटेक्स कंडोमबरोबर अजिबात नको, तेलाने तो कमजोर होऊन फाटतो. आणि बाटली बघून घ्या, सुगंधी केसाचं तेल म्हणजे खोबरेल नाही.

नवीन ल्यूब किंवा क्रीम तपासायची घरगुती पद्धत डॉक्टर सांगतात ती अशी, कोपराच्या आतल्या बाजूला एक-दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत दिवसातून दोनदा लावायचं, न धुता ठेवायचं, आणि असं आठवडाभर करायचं. एक दिवस नाही, आठवडा, कारण अ‍ॅलर्जी उशिरा येते हे वर सांगितलंच. काही उठलं नाही तर मग खाली बाहेरच्या भागावर थोडं. आणि एका वेळी एकच नवी गोष्ट. मी नवं टॉय, नवं ल्यूब आणि नवं इंटिमेट वॉश तिन्ही एकाच ऑर्डरमध्ये मागवलं, डिस्काउंट होता, मग चोर कोण ते शोधायला महिने गेले.

वापरताना फार काही शास्त्र नाही, पण वेळ सांभाळायची. वॅक्सिंग, शेव्हिंग, हेअर रिमूव्हल क्रीम झाल्यावर निदान एक-दोन दिवस जाऊ द्या, कातडीवर न दिसणारे ओरखडे असतात. व्हायब्रेशनची सगळ्यात खालची पातळी, हवं तर पातळ सुती कपड्यावरून, एकाच बिंदूवर दाबून न ठेवता. काही जणांना नखाने ओढलं तरी वळ उठतात, त्यांना घासण्यानेही उठतील, तासाभरात गेले तर घाबरू नका. कोरडेपणा असेल, म्हणजे बाळ अंगावर पीत असताना, पाळी जायच्या वयात किंवा काही गोळ्यांमुळे, तर इस्ट्रोजेन कमी असल्याने तिथला थर मुळातच पातळ झालेला असतो, तेव्हा टॉय बदलून उपयोग नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, त्यावर साधे उपाय आहेत. आणि आत काही घालायच्या कल्पनेनेच स्नायू आवळले जात असतील, जळत असेल, तर तो कातडीचा प्रश्नच नाही कदाचित, पेल्व्हिक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपी करणारे लोक आता मोठ्या शहरांत सापडतात.

पुरळ उठल्यावर आपल्याकडे जे सगळे करतात ते मीही केलं. मेडिकलवाल्याला हळूच सांगितलं, त्याने वर न बघता कागदात गुंडाळून एक ट्यूब दिली. दोन दिवसांत जादू. चौथ्या दिवशी दुप्पट. त्या ट्यूबमध्ये स्ट्राँग स्टिरॉइड, एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीचं औषध, असं सगळं एकत्र होतं, म्हणजे रोग कुठला ते बघायचंच नाही. नाजूक जागी असं स्टिरॉइड लावत राहिलं की कातडी कागदासारखी पातळ होते आणि बुरशी असेल तर ती दबून पसरते. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केलीये, काउंटरवर मात्र मागाल ते मिळतं. पुरळ आलं तर सगळं बंद, नुसतं कोमट पाणी, साधं पेट्रोलियम जेली, सैल सुती कपडे. फोड, पाणी, वास, ताप, रक्त किंवा पांढरट पडलेली, चकाकणारी कातडी दिसली तर लगेच दाखवा. नुसतीच खाज असेल तर आठवडा वाट बघायला हरकत नाही.

स्वच्छतेचं शेवटी ठेवलं कारण माझी गोष्ट तिथेच संपते. बिनमोटारीचं सिलिकॉन किंवा स्टील पाण्यात तीन ते पाच मिनिटं उकळा, मोटार असेल तर सौम्य बिनवासाच्या साबणाने धुवा, आयपीएक्स७ लिहिलं असेल तर पाण्याखाली धरता येतं. डेटॉल-सॅव्हलॉनमध्ये बुडवायचं नाही. सुगंधी हँडवॉशही नको, सिलिकॉन वास धरून ठेवतं, सिलिकॉनच्या साच्यात केलेल्या केकला कधी साबणाची चव आली असेल तर कळेल मी काय म्हणतेय. पावसाळ्यात पंख्याखाली नीट वाळवून सुती पिशवीत, प्लास्टिकच्या पिशवीत नाही.

हे सगळं मी करत होते. वास नसलेलं सिलिकॉन, साधं ल्यूब, तरी खाज. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं होतं की जे जे तिथे लागतं ते सगळं घेऊन या, लाजू नका. मी भाजीच्या पिशवीत भरून नेलं. त्यांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली, चष्मा कपाळावर चढवून मागची बारीक अक्षरं वाचली, टॉय बाजूला सारलं, ल्यूब बाजूला सारलं, आणि ओल्या वाइप्सचं पाकीट हातात धरून थांबले. वापरून झाल्यावर टॉय आणि मग स्वतःला पुसायला मी ते घ्यायचे, पाकिटावर "बेबी सॉफ्ट" लिहिलेलं आणि वर बाळाचा फोटो. त्यात मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह होतं. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या, म्हणजे कशाच्या तरी स्पर्शाने उठणाऱ्या पुरळाच्या, डॉक्टरांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्यालाच त्या वर्षीचं अ‍ॅलर्जन म्हणून निवडलं होतं आणि युरोपने २०१७ पासून धुऊन न टाकायच्या प्रसाधनांमध्ये त्यावर बंदी घातली.

खात्रीसाठी पॅच टेस्ट झाली, पाठीवर चिकटपट्ट्यांच्या रांगा, ऑगस्टच्या घामात ४८ तास आंघोळ नाही, सासूबाईंनी विचारलं तर पाठ धरलीये म्हणून सांगितलं आणि त्यांनी शेकायची पिशवी आणून दिली. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, चौथ्या दिवशी परत बघितलं. दोन चौकोन लाल, खाजरे. एक निकेल, दुसरं ते वाइप्समधलं.